रंगाचा दुसरा डबा

अकरा वर्षांत मिस्त्रीला कुणी नावानं हाक मारली नव्हती. घरात 'अहो', मालकांकडे 'मिस्त्री', आणि गल्लीतली माणसं त्याला 'फडकंवाला' म्हणायची, कारण खांद्यावर फडकं नसलेला तो कुणी पाहिलाच नव्हता. वय सत्तावन्न. कारखान्यातल्या खडखडाटानं कान निम्मे गेलेले, पण डोळा आणि बोटं शाबूत.

मालकांचा नळाच्या तोट्यांचा कारखाना. तिथं मिस्त्री लेथ दुरुस्त करायचा, आणि दुरुस्त करून झाला की पुसून ठेवायचा. बाकी कुणी पुसत नसे. एवढ्या एका गोष्टीवर अकरा वर्षांपूर्वी मालकांनी त्याला मशीनपासून उचलला आणि आपल्या गाडीपाशी आणून उभा केला.

गाडी म्हणजे आपल्या ओळखीतली गाडी नव्हे. उंची कमरेइतकी. माणूस तिच्यात बसत नाही, ओणवा होऊन शिरतो. पोट जमिनीपासून चार बोटं वर. इंजिन पाठीमागं, आणि ते सुरू झालं की आवाज कानात न शिरता बुडातून वर चढतो. तिच्या इंजिनाला हात लावायला कंपनीची माणसं यायची. मिस्त्रीकडे बाकी सगळं: चाकांतली हवा, बॅटरीचा चार्जर, धुणं, पुसणं. काचेचं फडकं वेगळं, चाकाचं वेगळं. एकाचं दुसऱ्याला लागलं तर दिवसभर त्याचं तोंड असं, की बघणाऱ्यानं विचारावं, कोण गेलं?

मालकीण वारल्यापासून मालक दर रविवारी सकाळी एकटेच गाडी बाहेर काढायचे. त्याआधी चहाचा कप हातात धरून तिच्याभोवती एक फेरी मारायचे. डाव्या अंगाला आले की उकिडवे बसायचे, दोन्ही चाकांच्या रिमवरून बोट फिरवायचे, मान हलवायचे आणि उठायचे. मिस्त्रीला वाटायचं, माझं काम तपासतायत. त्याची छाती फुगायची.

एका सोमवारी कंपनीचा फोन आला. त्याच गाडीची दुसरी जात निघत होती, खास ट्रॅकवर पळवायला. मोजक्याच बनणार होत्या, आणि ज्यांच्याकडे पहिली आहे त्यांनाच आधी विचारत होते. शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही. बुधवारी ट्रॅकवर येऊन चालवून बघा म्हणाले.

मालक खाली आले ते लग्न ठरल्यासारखे. मिस्त्रीला स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. इंजिन तेच, पण अंगावरचं सगळं उतरवलेलं. गालिचा नाही, रेडिओ नाही, एसी नाही. काचेऐवजी पातळ प्लॅस्टिक. दार आतून ओढायला हँडल नाही, नुसता पट्टा. मिस्त्री म्हणाला, मालक, एवढं सगळं काढून घेतात आणि वर पैसे जास्त मागतात? मालक हसले. मग मात्र दिवसभर तोच काथ्याकूट. एक असताना दुसरी कशाला? पहिली देऊन दुसरी घ्यावी का? का दोन्ही ठेवाव्या, एक रस्त्याला आणि एक ट्रॅकला? दुसरी आली तर पहिलीवर धूळ बसेल का? मिस्त्रीनं तोवर मनात नावंही ठेवून टाकली होती, घरातली ती थोरली, येणार ती धाकटी.

आणि तेव्हापासून शेडमधलं कपाट उघडायला त्याचा हात धजेना.

कारण त्या कपाटात, खालच्या खणात, रिमच्या रंगाचे दोन डबे होते. राखाडी रंग, कंपनीनं गाडीबरोबर दिलेला. पहिला डबा साडेनऊ वर्षं पुरला. दुसरा दीड वर्षात तळाला लागला.

पहिला मोठा ओरखडा मिस्त्रीला डाव्या मागच्या चाकावर दिसला, तेव्हा त्यानं फार विचार केला नाही. रस्त्याच्या कडेचा दगड लागला असेल. मालक परत खाली यायच्या आत त्यानं पॉलिश पेपर मारला, पुट्टी भरली, रंग दिला, वरून चकाकी चढवली. आपल्या हाताखालच्या वस्तूवर डाग म्हणजे आपल्या गालावर डाग, असा त्याचा हिशोब. पुढच्या महिन्यात परत. मग दर पंधरवड्याला. मग दर रविवारी. कायम डावीकडे. उजव्या चाकांना अकरा वर्षांत खरचटलंसुद्धा नव्हतं.

चौथ्या-पाचव्या वेळेला त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मालकांना डावीकडचं दिसत नव्हतं. चहाचा कप डावीकडं ठेवला की लवंडायचा. मिस्त्री डाव्या अंगाला उभा असला, की मालक दचकून अख्खी मान वळवायचे. मग मिस्त्री उजवीकडं उभा राहायला लागला. कपही उजवीकडं ठेवायला लागला. सांगायचं मात्र राहून गेलं. कामगारानं मालकाला कुठल्या तोंडानं सांगायचं, की तुम्हाला दिसत नाही? आणि सांगितलं तर गाडी बंद, गाडी बंद तर मिस्त्री बंद. बहिऱ्या कानाच्या सत्तावन्न वर्षांच्या माणसाला कोण दारात उभा करतो? असं करता करता दीड वर्ष गेलं. दर रविवारी तो रात्र व्हायच्या आत चाक नवंकोरं करून ठेवायचा.

मंगळवारी मालकांच्या लेकीचा फोन आला. ती दूरच्या शहरात. तिला धाकटीचं कळलं होतं. म्हणाली, "काका, बाबांना विचारून उपयोग नाही. तुम्ही खरं सांगा, त्यांचा हात अजून ठीक आहे ना? तुम्ही नुसतं थांबवा म्हणालात, तर मी उद्या येऊन बसते."

मिस्त्रीचं तोंड उघडलं. बाहेर काय आलं ते त्याचं त्यालाच नंतर ऐकू आलं.

"ताई, चाकाला एक ओरखडासुद्धा नाही."

शब्दाला शब्द खरं होतं. म्हणूनच ते त्याला रात्रीपर्यंत टोचत राहिलं.

घरी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती गुडघ्याला तेल चोळत बसली होती. तिनं ऐकून घेतलं, आणि आधी, त्या थोरलीच्या चाकांना जेवढे हात लावलेत तेवढे माझ्या गुडघ्यांना लावले असते तर आज मी पळत असते, असं सुनावलं. मग तेलाची बाटली बाजूला ठेवली.

"सांगितलंत तर गाडी जाईल, तुम्ही घरी. नाही सांगितलंत तर माणूस जाईल, तरी तुम्ही घरीच. घरी तर यायचंच आहे. कुठलं तोंड घेऊन यायचं तेवढं ठरवा."

बुधवारी मालकांनी थोरली काढली आणि मिस्त्रीला म्हणाले, चल, तूही बस. अकरा वर्षांत मिस्त्री तिच्यात कधी चाक हलताना बसला नव्हता. त्याच्या वाट्याला डावी सीट आली. तासाभराचा रस्ता त्यानं पाय आवळून काढला, नसलेला ब्रेक दाबून दाबून पोटरीत गोळे आले. डावीकडून सायकलवाला आला, की मिस्त्रीच आत सरकायचा. तीनदा त्यानं बोलायला तोंड उघडलं. तिन्ही वेळा मालक बोलत होते, आणि खुशीत होते.

ते म्हणाले, हल्ली रस्त्यावर मजा येत नाही. कुठून कोण घुसेल सांगता येत नाही, दचकायला होतं. ट्रॅकवर बरं, समोरून कुणी येत नाही, सगळे एका दिशेला. तिथं मी माझ्या जीवाचा मालक.

ट्रॅकच्या फाटकाशी वळताना डावं पुढचं चाक कडेच्या दगडावर घासलं. खर्रर्र. निम्म्या कानाच्या मिस्त्रीलाही ते दातात जाणवलं.

"खडा उडाला वाटतं," मालक म्हणाले.

धाकटी उभी होती. मिस्त्रीनं तिला एकदाच बघितलं आणि त्याचा हात आपोआप फडक्याकडं गेला, एवढी देखणी. आत नुसत्या लोखंडी नळ्यांचा पिंजरा आणि दोन उघड्या सीट. कंपनीच्या शिकवणाऱ्यानं मालकांना चार पट्ट्यांत आवळलं, हेल्मेट चढवलं, आणि स्वतः शेजारी बसला. हेल्मेटनं मालकांना डावीकडचं उरलंसुरलं दिसत होतं तेही झाकून गेलं असणार, हे मिस्त्रीला तेव्हा कळलं. ओरडायला गेला तोवर गाडी सुटली होती.

तो कठड्याला धरून उभा राहिला. पहिली फेरी बरी गेली. दुसरीही. तिसऱ्या फेरीत मागून आणखी एक गाडी आली, तीही कुणीतरी चालवून बघत होता. सरळ पट्ट्यावर ती मालकांच्या डावीकडून पुढं निघाली. निम्मी पुढं आली असेल नसेल, आणि मालक डावीकडं सरकायला लागले. सावकाश, जसं रिकाम्या रस्त्यावर सरकावं तसं. शिकवणाऱ्याचा हात स्टिअरिंगवर पडलेला कठड्यावरून दिसला. दुसऱ्या गाडीनं ब्रेक मारले, चाकांतून धूर निघाला, ती गवतात जाऊन फिरली आणि थांबली. दोघांच्या मधे वीतभर अंतर राहिलं असेल.

मिस्त्रीनं कठडा सोडला. तो तिथंच खाली बसला.

मालक उतरले ते घामानं निथळत, पोरासारखे हसत. शिकवणारा पांढराफटक पडला होता, पण तोही कंपनीचा पगारी. त्या गाडीवाल्यानं घाई केली, एवढंच म्हणाला. मालकांनी विचारलं, कुठल्या गाडीवाल्यानं?

विक्रीवाला कागद घेऊन आला. मालकांनी पेन काढलं, आणि मिस्त्रीकडं वळून म्हणाले, "तू बोल. तू हो म्हण, मी सही करतो."

मिस्त्रीनं त्यांचा दंड धरला. आजवर त्यानं मालकांना बोट लावलं नव्हतं. विक्रीवाल्यासमोरून त्यांना ओढतच थोरलीपाशी नेलं, डाव्या पुढच्या चाकाशी बसवलं, आणि त्यांचं बोट धरून रिमवर ठेवलं. वीतभर लांब चर पडला होता, कडा हाताला लागतील अशा.

"हा मघाचा," मिस्त्री म्हणाला. "खडा नव्हता."

मालक बोट फिरवत राहिले. "एखादा लागायचाच."

"एखादा नाही, मालक. दर रविवारी. दीड वर्ष. मी भरतो."

मालकांनी रिमवरून बोट उचललं. त्यांचा आवाज खाली आला.

"डॉक्टरनं दोन वर्षांमागं काचबिंदू सांगितला. डाव्या डोळ्याची कड जातेय म्हणाला, गाडी सोडा म्हणाला. मी म्हटलं, माझी परीक्षा माझी मी घेईन. डावीकडचं दिसेनासं झालं तर आधी चाक बोलेल. दर रविवारी मी चाक बघत आलो, मिस्त्री. दर रविवारी ते साफ होतं."

 मालक उकिडवे बसायचे ते कौतुकाला नव्हे. माणूस आपला डोळा तपासत होता, आणि मिस्त्री प्रत्येक वेळी पाटी पुसून ठेवत होता. जितकं काम चोख, तितका मालकांचा डोळा शाबूत. आज ते वीतभर अंतरानं वाचले होते, त्यात मिस्त्रीच्या हुशारीचा वाटा नव्हता.

"मला वाटलं, तुम्ही माझं काम बघता," तो म्हणाला.

 मालक चाकाशीच बसून राहिले. विक्रीवाला दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मालकांनी सही न करताच कागद परत दिला. मग खिशातून थोरलीची किल्ली काढली, मिस्त्रीकडं न बघता पुढं केली, आणि स्वतः डाव्या सीटमध्ये शिरले.

मिस्त्रीनं ती गाडी घरी आणली, तीसच्या वेगानं, मागून ट्रकवाले शिव्या घालत असताना.  शेडमध्ये आल्यावर त्यानं सवयीनं पॉलिश पेपर काढला. मालक म्हणाले, "हात लावू नकोस." आणि वर गेले. त्या संध्याकाळी मिस्त्रीनं मालकांच्या लेकीला फोन लावला, आणि मंगळवारी जे झाकलं होतं ते सगळं सांगितलं. ती रागावली नाही. उद्या येते एवढंच म्हणाली, आणि ते त्याला शिवीपेक्षा जास्त लागलं.

त्यानंतर महिनाभर मालक शेडमध्ये उतरले नाहीत. मिस्त्री रोज यायचा. गाडी पुसायचा, आणि त्या चाकापाशी आला की हात मागं बांधून उभा राहायचा. चर तसाच. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या ताब्यातली वस्तू डाग घेऊन उभी होती, आणि रोज त्याच्याकडं बघत होती.

मग थोरलीला गिऱ्हाईक आलं. जाणता माणूस, गुडघे टेकून तासभर बघत होता. मालक लेकीचा हात धरून खाली आले होते. मिस्त्री सवयीनं त्यांच्या उजवीकडं जाऊन उभा राहिला. मालकांनी त्याला दंडाला धरून डावीकडं सरकवलं, आणि तिथंच राहा असं हातानं दाखवलं.

गिऱ्हाईक डाव्या पुढच्या चाकाशी थांबलं. बोट फिरवलं.

"अकरा वर्षांत एवढा एकच ओरखडा?"

मिस्त्री मान खाली घालून उभा. उद्यापासून यायचं नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि कुठलं तोंड घेऊन घरी जायचं, ते अजून ठरलं नव्हतं.

"दिसतो तो एवढाच," मालक म्हणाले. "बाकीचे या माणसाला विचारा. तो सांगेल."