कुत्र्यांच्या पेटीजवळचा हमाल

ही गोष्ट मी आजवर बायकोलाही सांगितलेली नाही.

सोलापूर स्टेशनात एक हमाल होता. गार्डाच्या डब्यातल्या पेटीतून जाणारी कुत्री तोच चढवी. माणसांशी मराठी बोले, कुत्र्यांशी कानडी. धन्याचं मळलेलं धोतर मागून पेटीत अंथरी आणि कुत्रं त्यावर आपणहून बसेपर्यंत दार लावत नसे.

मी शाळामास्तर. माझी बदली झाली तेव्हा माझं कुत्रंही त्या पेटीतून न्यायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं बजावलं, "मास्तर, सकाळी त्याला उपाशी ठेवा. दही तर न्हाईच. त्याला कुटं परीक्षेला बसवायचंय!"

मी हसलो. पण निघताना राहवलं नाही. शकुनाचा म्हणून दहीभात चारलाच. कुत्रं तो गार्डाच्या बुटांवर ओकलं. हमालांनी जनावरांना काही चारण्यावर बंदी होती. स्टेशनमास्तरांनी विचारलं, "कुणी चारलं?" मी हमालाकडं बोट दाखवलं.

त्यानं एकदाच माझ्याकडं पाहिलं. "व्हय साहेब, चुकलं."

त्याचा हमालीच्या परवान्याचा पितळी बिल्ला स्टेशनमास्तरांनी तिथंच काढून घेतला. तरी त्यानं माझ्या खांद्यावरचं उपरणं मागून पेटीत अंथरलं. म्हणाला, "आता पोट रिकामं हाय. निजंल."

कुत्रं खरंच निजलं. 'दहीभात मीच चारला,' हे स्टेशनमास्तरांना मी अजून सांगितलेलं नाही. तेवढं एक वाक्य मी त्या हमालाचं देणं लागतो.