गाव न विचारणारं घर

भिलाईतल्या आम्हा वैदर्भीयांची एक खोड आहे. मराठी बोलणारा माणूस भेटला की पहिला प्रश्न गावाचा, दुसरा आडनावाचा, आणि चहा येईपर्यंत समोरचा माणूस कुणाच्या तरी आतेसासूचा भाचा निघतो. इथल्या पोलाद कारखान्याच्या नगर कार्यालयात ड्राफ्ट्समन म्हणून मी रुजू झालो, त्या दिवशी महिला कल्याण विभागाच्या विमलताई रहाटे यांनी माझी अशीच झडती घेतली. मी भंडाऱ्याकडचा म्हटल्यावर त्यांनी माझ्या मामींचं माहेरसुद्धा सांगितलं आणि डब्यातली भाजी-पोळी माझ्याकडे सरकवली. परक्या मुलखात माणसाला आणखी काय लागतं हो! ताई आता साठ वर्षांच्या होत आहेत आणि त्यानिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथात मी चार शब्द लिहावेत, अशी गौरव समितीची आज्ञा आहे.

त्या काळी मार खाणाऱ्या बाईला जायला जागा नव्हती. कारखान्याचं क्वार्टर नवऱ्याच्या नावावर, माहेर दूर विदर्भात, आणि तक्रार करावी तर "ये तो घर का मामला है" ऐकून परत फिरावं लागे. ताईंनी कार्यालयाच्या मागे लागून अशा बायकांसाठी निवारा मंजूर करून घेतला. जागेवरून मात्र बैठकीत चांगलीच जुंपली. कार्यालयाच्या मोठ्या साहेबांच्या मनात जुनवानी गावाकडची मोकळी जमीन होती. वस्तीपासून लांब, उंच भिंत, एकच फाटक, फाटकावर चौकीदार. बायका सुरक्षित राहतील, असं त्यांचं म्हणणं. ताईंनी नकाशातल्या त्या एकुलत्या फाटकावर बोट ठेवलं.

"साहेब, लेकरू कडेवर घेऊन बाई इतक्या लांब पोचेल कशी? आणि नवरा या फाटकात येऊन उभा राहिला, तर ती बाहेर पडेल कुठून?"

त्यांना जागा हवी होती पावर हाउस या वस्तीतल्या गजबजलेल्या बाजारात. तिथे पिशवी घेतलेल्या बाईकडे कोण बघतं? घराला दोन दारं हवीत, पाटी नको, आणि उद्घाटनाची कोनशिला तर मुळीच नको. कोनशिला नाही म्हटल्यावर कार्यालयातल्या निम्म्या मंडळींचा उत्साहच ओसरला. ताई मात्र चिवट. फाइल जिथे अडेल तिथे खुर्ची ओढून बसत. अखेर कापडाच्या एका मोठ्या दुकानामागचं घर मिळालं. पुढचं दार गल्लीत उघडे, मागचं दुकानात. ताईंनी तिथल्या बायकांना एकच शिस्त लावली: कडी वाजली की ज्या बाईला धोका आहे तिने आधी मागच्या दाराने निघायचं, मगच पुढचं दार उघडायचं.

रुआबांधा वस्तीतली एक बाई, नवरा कारखान्यात पहिल्या पाळीला गेल्यावर, मुलीला घेऊन तिथे आली. तिला आपण कमल म्हणू. हात मोडलेला. स्वयंपाक सांभाळणाऱ्या सखूबाई आमच्याच मुलखातल्या, फार मायाळू. त्यांनी तिला जवळ घेतलं आणि आपल्या रीतीप्रमाणे गाव विचारलं. गाव निघालं सखूबाईंच्या बहिणीच्या शेजारचं. झालं! गावाकडे जाणाऱ्या कुणाच्या हाती त्यांनी कमलच्या आईला निरोप धाडला, की लेक सुखरूप आहे, पावर हाउसला आमच्यापाशी आहे, घोर करू नका. जावई त्याआधीच कमलच्या माहेरी जाऊन रडून आला होता. आईला वाटलं, सुधारला. तिने पत्ता त्याला सांगून टाकला.

तो दोन मित्रांना घेऊन आला, तेव्हा मी छताच्या गळतीची मापं घेत होतो आणि ताईही तिथेच होत्या. कडी वाजली. ताईंनी फटीतून पाहिलं, कमलला मागच्या दाराने काढायची सखूबाईंना खूण केली आणि मग सावकाश दार उघडलं. तो मित्रांसकट तावातावाने आत शिरला. ताईंनी शांतपणे विचारलं, "बसा जी. गाव कोनतं तुमचं?"

आमच्यातल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय राहवतच नाही. त्याने गाव सांगितलं. मग ताईंनी आडनाव विचारलं, मामाचं घर विचारलं, मामाच्या वाड्यापुढच्या विहिरीचीही चौकशी केली. गडी चक्क खाली बसला. चहा आला. तेवढ्यात कमल आणि तिची मुलगी दुकानात साड्या पाहणाऱ्या बायकांत मिसळल्या आणि तिथून रिक्षाने निघूनही गेल्या. कप खाली ठेवताना त्याला बायको आठवली. ताईंनी त्याला सगळं घर दाखवलं. तो शिव्या देत गेल्यावर ताईंनी आधी दाराला कडी घातली, मगच पाणी मागितलं.

सखूबाई रडून रडून बेजार झाल्या. ताई त्यांना रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त नियम केला, की या घरात कुणी कुणाला गाव विचारायचं नाही. सगळ्यांत जास्त पंचाईत झाली ती ताईंचीच! नवी बाई आली की प्रश्न ओठांवर यायचा, तो गिळून ताई विचारायच्या, "जेवली का माय?"

कमलने पुढे दुसऱ्या शहरात आयागिरी करून मुलीला शिकवलं. मुलीला नोकरी लागली, तेव्हा कमल पेढे घेऊन ताईंकडे आली. मीही तिथे बसलो होतो. निघताना दारात थांबून ती म्हणाली, "ताई, तुमी मले कदीच गाव नाही इचारलं. आता इचारा ना."

गाव ताईंना ठाऊक होतं. त्या गावापायी काय घडलं, हे त्यांच्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार? तरी त्यांनी तिचा हात धरून तिला परत आत आणलं आणि पहिल्यांदाच भेटल्यासारखं विचारलं, "सांग माय, गाव कोनतं तुहं?" कमल बोलत राहिली. गावची नदी, शाळा, गेलेली आई, सगळं आलं. चहा दोनदा झाला. दोघींचं नातं काही लागलं नाही, तरी जाताना तिने ताईंना मावशी म्हटलं.

ते घर आता दुसरीकडे हलवलं आहे. कुठे, ते या ग्रंथात मिळणार नाही. ताईंना निरोगी शंभरी लाभो, आणि तिथल्या प्रत्येक बाईने आपलं गाव आपणहून सांगायला त्यांच्या दारी यावं.