एका बियाण्याची रास

माझे आजोबा येसाजी म्हणजे जमदग्नीचा अवतार. लोंढ्याला त्यांची चिरमुऱ्यांची भट्टी होती आणि कढईइतकीच त्यांची जीभही सदा तापलेली असायची. पण बाजारकुणंगच्या तुळजाचं नाव निघालं की हा माणूस आवाज खाली आणायचा. अशी काय मोठी होती ती? चार खाचरं कसणारी, अक्षरशत्रू, विधवा कुणबी बाई. आजोबा सांगायचे, मी ऐकायचो, आणि दर वेळी अंगावर काटा यायचा.

लोंढ्याला आगगाडी येऊन वीस-पंचवीस वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. सुप्याच्या रानातून बैलगाडीनं भात यायचं. चिरमुऱ्याचं काम लहरी. भात भिजवा, शेका, कांडा, मग तांदूळ तापल्या वाळूत टाका. सगळा दाणा एका जातीचा असला तर कढई पांढरीशुभ्र फुलते. जाड-बारीक मिसळलं की अर्धे दाणे गणंग राहतात, दातांखाली खड्यासारखे.

बाजारकुणंगच्या भाताचे निम्मे गणंगच निघायचे. एका पौषात आजोबांनी कढईतला सगळा घाणा, फुललेल्यांसकट, गाडीवानांसमोर अंगणात ओतला. "ही शेवटची गाडी. ह्यापुढं तुमचं भात माझ्या दारात नको!"

गाडीबरोबर गावचा म्होरक्या झिलू बुधवंत आला होता आणि त्याची भावजय तुळजा. झिलूचा चेहरा उतरला. दुसरा घेणारा नव्हता. मीठ, कापड, नांगराचा फाळ, सगळं ह्याच भातावर यायचं. तुळजा मात्र खाली बसली आणि त्यातला एकेक दाणा चावू लागली.

"ह्यो कान्हूच्या उतारावरचा," ती म्हणाली. "ह्यो नाल्याकडचा, धाकलूचा. आनि ह्यो फुललेला हाय न्हवं, ह्यो माज्या घरचा."

शेकून, भाजून निघालेल्या दाण्यावरून ती शेत ओळखत होती! वीस वर्षं भट्टीवर काढलेले आजोबा आ वासून बघत राहिले.

"मग घरोघरचं वेगळं भरून आणा की," ते म्हणाले.

"तसं कसं हुईल?" झिलू म्हणाला. "देवाच्या अंगनात सगळ्या घरांचं भात एका राशीत पडतंय. कुनाचं चांगलं, कुनाचं वाईट न्हाई. राशीवर नारळ फोडून मगच पोती भरायची. ती रास मोडायची न्हाई."

बोंबला! देवाला सगळे सारखे, पण कढईला नाहीत. झिलूचं म्हणणं आजोबांना पटेना, आणि रास मोडायचं झिलूच्या स्वप्नातही येईना.

तुळजा उठली. "एक साल द्या, दादा. पुढल्या पौषात एक गाडी आनताव. न्हाई फुललं तर परत तोंड दावनार न्हाई."

गावी जाऊन तिनं बियाण्याच्या मुड्या, गवतात करकचून बांधलेल्या, खाली काढल्या आणि सगळ्या सोडल्या. गावातल्या बाकीच्या पंधरा घरांना बियाणं वाटलं. प्रत्येकाला एकेका खाचरापुरतंच पुरलं. लोंढ्याच्या राशीत त्या खाचराचंच भात घालायचं ठरलं. बदल्यात ज्यानं त्यानं आपापलं बियाणं तिला दिलं. रीतच होती तशी, फुकट कुणी घेत नसे.

पौषात रास पडली. पंधरा घरांच्या टोपल्या रिकाम्या झाल्या. सोळावी, तुळजाची, आलीच नाही. ज्या घरचं भात राशीत नाही त्याला नारळाचा तुकडा नाही, हा नियम. झिलूनं तिला वगळून नारळ वाटला. बायका कुजबुजल्या, बियाणं दिलं म्हणून माज चढला हिला. तुळजा अंगणाच्या कडेला मुकाट उभी होती.

तरी झिलूच्या गाडीबरोबर ती लोंढ्याला आलीच. चार दिवसांनी कढई चढली. आजोबांनी पहिला घाणा वाळूत टाकला, आणि हे सांगताना इतक्या वर्षांनीही त्यांचे डोळे विस्फारायचे. सगळी कढई एकदम उठली! चाळून पाहिलं तर मूठभरही गणंग नाहीत.

"बाई, तुझ्या घरचं ह्यात किती?" आजोबांनी विचारलं.

"एक दाना न्हाई."

झिलू वळला. "म्हंजे?"

"माज्या खाचरांत तुमी दिलेलंच पेरलं न्हवं? जाड, बारीक, सगळं मिसळ. ते राशीत घातलं असतं तर ही कढई फुलली असती व्हय?"

"आगं, मग राशीच्या दिशी बोलली का न्हाईस? सगळ्या गावासमोर तुला नारळाबिगर हुबी केली मी!"

"बोलले असते, तर मला नारळाबिगर ठेवायला नको म्हनून तुमी माजं भात घातलंच असतं राशीत."