रडायची मनाई

आमच्या घरात मूल जन्मलं की शबद, लग्न ठरलं की शबद, आणि कुणी मेलं तरी शबदच. वडील कल्याणला रेल्वेत सुतारकाम करत. एका ठेकेदाराबरोबर पंजाबातून आले, रूळ पुढे गेले आणि ते इथंच राहिले. स्टेशनामागे शिखांची आठ-दहा घरं होती, सगळी सुतार-लोहारांची, आणि मधोमध कौलारू धर्मशाळेत ग्रंथसाहेब. रोज पहाटे तिथं कीर्तन व्हायचं. आपल्या हरदासांसारखं उभं राहून गोष्टी सांगायचं कीर्तन नव्हे. बसून, रागात, नुसते शबद, म्हणजे ग्रंथसाहेबातली पदं, गायचे. वडील सारंदा वाजवत गात. सारंगीच्या जातीचं ते वाद्य त्यांनी स्वतःच कोरलेलं होतं. एक लोहार मृदंग घेऊन तालाला बसायचा आणि पखवाजाला लावतात तशी ओली कणीक त्याच्या डाव्या तोंडाला थापायचा. भाकरीवर वाढलेल्या माझ्या आईचा त्या कणकेसाठी फार जीव तुटायचा.

आई बाळकुमची, आगऱ्यांची. मिठागरावर राबलेली. तिचं आणि वडिलांचं कसं जमलं हे त्या दोघांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, आणि बाळकुमकर सांगायचे ते ऐकण्यासारखं नसायचं. पण संगतीत, म्हणजे धर्मशाळेत जमणाऱ्या शिखांत, ती चांगली रुळली होती. डोक्यावर ओढणी, लंगराच्या स्वयंपाकात हात, आणि शबद तर सगळे तोंडपाठ. निम्म्यांचा अर्थ तिला ठाऊक नसावा, पण गायची गळा मोकळा सोडून. वडिलांचं मराठी तिच्याकडून आलेलं, म्हणजे अस्सल बाळकुमचं. उंचापुरा दाढीवाला शीख आगरी बोलायला लागला की बाजारात माणसं थबकून बघत.

माझा भाऊ दीड वर्षाचा असताना त्याला घशाचा आजार झाला. दोन दिवस त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तिसऱ्या दिवशी उजाडताना तो आईच्या मांडीवर थांबला. आईनं तोंड उघडलं. आवाज फुटायच्या आत वडिलांनी तिच्या तोंडावर हात ठेवला. दांडगाई नव्हती त्यात, हळूच ठेवला.

"ररायचा नाय," ते म्हणाले. "ज्यानं दिला त्यानंच नेला. ररलीस तं त्याला नको म्हनल्यासारका व्हतं."

रडायची मनाई त्यांनी तिला तिच्याच माहेरच्या बोलीत केली. मग तोंड धुऊन ते धर्मशाळेत गेले आणि गायले. आवाज जरासुद्धा हलला नाही. आमच्यात मरण म्हणजे देवाची मर्जी, आणि मर्जीपुढे छाती पिटायची नसते. ते त्यांनी मनापासून मानलं होतं, ढोंग नव्हतं. तरी आजही ती सकाळ आठवली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

पुढचे दहा दिवस संध्याकाळीही कीर्तन होतं. आई पुढच्या रांगेत बसायची, डोळ्यांत टिपूस नाही. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत म्हणायच्या, "देखो, कैसा सबर है!" आपापल्या लेकी-सुनांना आणून आई दाखवायच्या. आणि इकडे शबद चालू असताना आईची चोळी दुधानं भिजायची. ती ओढणी पुढे ओढून घ्यायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दहा दिवसांत पाहिला. जेवायला बसली की घास हातातच राहायचा.

बाळकुमला निरोप उशिरा पोचला. आजी भरतीबरोबर होडीतून कल्याणच्या बंदरावर उतरली ती मोठ्यानं रडतच. आगऱ्यांत रडणं म्हणजे नुसतं पाणी गाळणं नव्हे. गेलेल्याशी बोलायचं, त्याचं सगळं चालणं-खाणं आठवून त्याला हाका मारायच्या. तशा हाका मारत ती आमच्या दारात आली. वडील आडवे आले.

"मांजी, इथं नको."

"तुजा देव तुज्यापाशी ठेव!" आजी कडाडली. "पोर मेलाय, आन् आयशीनं ररू नये? कंचा देव सांगतं रं असा?" तिनं आईला छातीशी धरलं, पाठीवरून हात फिरवला. "रर गो बाय, रर. मोकली व्हय."

आईनं एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा दारात जमलेल्या बायकांकडे. मग आजीचे हात सोडवून म्हणाली, "आये, तू बी नको ररू. संगतीला बरा नाय वाटत."

आजीनं पाणीसुद्धा घेतलं नाही. ओहोटीबरोबर परत गेली, ती पुन्हा आमच्या दारी आली नाही.

आई संगतीत येत राहिली, पण तिचं गाणं बंद झालं. वडिलांनी एकदा विचारलं, "गात का नाय?" ती म्हणाली, "घसा धरलाय." तो घसा मग वर्षानुवर्षं धरलेलाच राहिला. वडील समजले असतील का? त्यांनी पुन्हा विचारलं नाही एवढं खरं.

वडील गेले तेव्हा माझीच मुलं मोठी झाली होती. सकाळची वेळ, अंगणात त्यांना ठेवलेलं, त्यांच्याच हाताखाली शिकलेला एकजण शबद धरून बसलेला. आई त्यांच्या पायाशी बसली होती. एकाएकी तिनं आभाळाकडे तोंड केलं आणि असा हंबरडा फोडला की गाणारा थांबलाच. बायका धावल्या. "नवऱ्यावर केवढा जीव!" असं कुणीतरी पुटपुटलंही. पण मला तिचे शब्द कळत होते.

"माज्या सोन्या रं! चार पावला टाकलीस, आन् मना सोरून गेलास रं! तुजा दूद तसाच रायला रं बाला!"

नवऱ्याच्या प्रेताशी बसून ती माझ्या भावाला रडत होती. कुणाची तिला गप्प करायची छाती झाली नाही. घसा बसेपर्यंत रडली. मग पदरानं तोंड पुसलं, नाक शिंकरलं आणि सावरून बसली. तोवर मला वडिलांसाठी हुंदका आवरेना. त्यांच्यावर कितीही रागावलेली असले तरी बाप होता माझा.

आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. हळूच ठेवला.

"बापाला ररू नको," ती म्हणाली. "त्यांना चालायचा नाय."