समजावून सांगणाऱ्याची सही

नर्सिंग होमने ग्राहक आयोगात दिलेल्या लेखी जबाबाला जे कागद जोडलेत, त्यांत सतराव्या पानावर माझी सही आहे. निळ्या शाईत, जरा तिरकी. सहीच्या वर इंग्रजीत छापलंय की वरील सर्व मजकूर रुग्णाला तिच्या भाषेत समजावून सांगितला आहे. आणि खाली, ठिपक्यांच्या रेघेखाली, समजावून सांगणाऱ्याची सही.

वकीलबाईंनी ते पान टेबलावर माझ्याकडे फिरवलं. "ही तुझीच ना?"

"हो."

त्यांचं ऑफिस घाटकोपरला, फरसाणच्या दुकानाच्या वर. खिडकी उघडली की तळणाचा वास आणि लावली की गरम. मी उगाच दोनदा उठून खिडकी उघडली-लावली. आई माझ्या शेजारी, पदर गळ्याभोवती गुंडाळून. ऑपरेशनचा व्रण तिला लोकांना दाखवायचा नसतो.

"आता त्याच्या आधीच्या पानावरची चौथी ओळ," वकीलबाई म्हणाल्या आणि मराठीत वाचून दाखवलं, "आवाजात बदल होऊ शकतो, तात्पुरता किंवा कायमचा."

आईने कागद ओढून घेतला. इंग्रजी तिला येत नाही, तरी त्या ओळीवरून तिने बोट फिरवलं. "ह्या नव्हतां," ती म्हणाली. आईचं बोलणं आता म्हणजे नुसती हवा. जवळ बसलेल्यालाच कळतं. "ह्यांनी मागसून घातलां. ह्या माझ्या चेडवान सगळा वाचलेला. असतां तर तिना सांगितल्यान नसतां काय?"

वकीलबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे पान नंतर घुसवलं असं म्हणायचंय? कागदपत्रात फेरफार. मोठा आरोप आहे तो. खरा असेल तर आपली केस एकदम वर जाते. पण शपथेवर लिहावं लागेल." मग माझ्याकडे बघून, "तू होतीस ना तिथे? हे पान तेव्हा होतं का?"

"आठवत नाही," मी म्हणाले.

आठवत होतं. पान होतं. ती ओळ मी वाचली होती.

आई स्कूलबसवर मावशी होती. मुलुंड ते घाटकोपर, सकाळची आणि दुपारची फेरी. मुलांना हात धरून चढवायचं, उतरवायचं, आई-आजोबा कोण न्यायला आलेत ते ओळखायचं आणि सगळं झालं की ड्रायव्हरला ओरडून सांगायचं. तिचा आवाज दारापासून थेट ड्रायव्हरच्या कानात जायचा. घरीही तसाच. आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर आज भाजी काय आहे ते तळमजल्याला कळायचं. मला लहानपणी त्याची लाज वाटायची. मी हळू बोलायचे, अजून बोलते.

तिच्या गळ्यात गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी तपासून सांगितलं, थायरॉइडची आहे, कॅन्सर नाही, तशी घाई नाही, पण काढलेली बरी. तिसऱ्या दिवशी घरी. एवढंच. त्यांच्या बोलण्यात आवाजाचा उल्लेख कुठेच नव्हता, हे मला आजही शपथेवर सांगता येईल.

ॲडमिट केलं त्या सकाळी सिस्टर फॉर्मचा गठ्ठा घेऊन आल्या. जिथे सह्या हव्यात तिथे आधीच पेन्सिलीच्या फुल्या. "ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता. मम्मींना जरा समजावा, आणि इथे, इथे, इथे. सर ऑपरेशनला ओटीत गेलेत, लवकर करा हां."

आमच्या घरी इंग्रजी कागद माझ्याकडे येणं नवीन नव्हतं. मी तिसरीत असल्यापासून सोसायटीच्या नोटिसा, विम्याची पत्रं, गॅसचे फॉर्म माझ्याच हातात. बाबा होते तेव्हाही, ते गेल्यावर तर अधिकच. आमच्या मालवणच्या नातेवाइकांत इंग्लिश मीडियमला गेलेली मी पहिली. आई पाहुण्यांसमोर मला मुद्दाम पेपर वाचायला लावायची. पण माझी शाळा यथातथाच होती, गल्लीतली, दोन खोल्यांत तीन वर्ग भरणारी. बरेच शब्द मला यायचे नाहीत. न येणारा शब्द आला की त्याच्या आजूबाजूचं सांगायचं, आणि अंगाशी येईल असं वाटलं की म्हणायचं, काही नाही गं, नेहमीचंच असतं. कधी कुणी पकडलं नाही. कागदाच्या बाबतीत घरात मी मोठी होते.

त्या फॉर्ममध्ये नसांची नावं होती, त्यांना काय होऊ शकतं त्याची नावं होती. मला कळली नाहीत. आवाजाची ओळ मात्र कळली. मी सिस्टरकडे बघितलं. त्या पेनचं टोपण टक-टक वाजवत उभ्या होत्या. "याचा अर्थ काय," एवढं विचारायचं होतं. शिकलेल्या दिसता, असं त्या नुकतंच म्हणाल्या होत्या.

"काय लिवलां हा त्याच्यात?" आईने विचारलं.

"काही नाही गं. ऑपरेशनच्या वेळी असतं ते नेहमीचंच."

"मगे इतकी पानां कित्याक?"

"त्यांचे नियम असतात."

तिने फुल्यांवर सह्या केल्या. शेवटच्या फुलीवर मी केली.

शुद्धीवर आल्यावर ती बोलायला गेली आणि हवा आली. डॉक्टर म्हणाले, सूज आहे, जाईल. टाके काढताना म्हणाले, सूज आहे, वेळ लागतो. दीड महिन्याने म्हणाले, मावशी, तुम्ही टेन्शन फार घेता. गळ्यात कॅमेरा घालून एकदाही बघितलं नाही. पाणी पिताना तिला ठसका लागायचा. चहा ती हनुवटी छातीला लावून घोट घोट प्यायची. शेवटी आम्ही चेंबूरला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पाच मिनिटांत स्क्रीनवर दाखवलं, डाव्या बाजूचा स्वरतंतू हलतच नाही. नसेला इजा झालीय. तीन महिने कुणी बघितलं कसं नाही, असं त्या जरा मोठ्यानेच म्हणाल्या आणि लगेच गप्प झाल्या.

तोवर ती पुन्हा बसवर जायला लागली होती. ड्रायव्हरकाकांनी तिला शिट्टी आणून दिली. "मौसी, अब आप ट्रॅफिक हवालदार." ती हसली, शिट्टी गळ्यात घातली. पण एक दिवस एका मुलीचा पाय पायरीवर असताना बस हलली. शिट्टी तोंडापर्यंत नेईतो बस दोन-तीन फूट गेली. मुलीला काही झालं नाही, आईने तिला दंडाला धरून आत खेचलं होतं. मालकाने आईला आराम करायला सांगितलं. आराम म्हणजे काय ते तिला कळलं.

तक्रार करायची हे तिनेच ठरवलं. "त्यांका जाब विचारूक व्हयो," एवढंच. वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी आम्हाला नीट सांगितलं होतं, नस दुखावली म्हणून डॉक्टर आपोआप दोषी ठरत नाही, चांगल्या हातूनही ते होतं. आपले मुद्दे दोन. धोका आहे हे त्यांनी आधी सांगितलं नाही. आणि नंतर तीन महिने तपासलं नाही. या दोन्हींची उत्तरं त्यांना द्यावी लागतील.

आता तिसरा मुद्दा आला होता, आणि तो खोटा होता. खोटा आहे हे फक्त मला माहीत होतं.

पुढचे पंधरा दिवस मी एका जागी बसू शकले नाही. ऑफिसमध्ये पाणी प्यायला उठायचे आणि बाटली न भरताच परत यायचे. मुलुंडला उतरायचं सोडून पुढच्या स्टॉपला उतरायचे, तिथून मागे चालत यायचे, मेट्रोच्या कामाची धूळ खात. चालताना डोक्यात वाक्यं. मी सांगितलं नाही तर काय होईल? आई शपथेवर लिहील की पान नव्हतं. समोरचे फाइल काढतील, छपाई एकच, पानांचे आकडे एका ओळीत. आई खोटी ठरेल. किंवा, हे मी जास्त चालत असले की मनात यायचं, कदाचित ते सिद्ध होणारच नाही आणि आयोग आमच्यावर विश्वास ठेवेल. मग डॉक्टर त्यांच्या खऱ्या चुकीसाठी नाही, न केलेल्या फेरफारासाठी दोषी ठरतील. तेही चालेल, असं एकदा वाटलं. एकदा नाही, बऱ्याचदा.

मला त्यांचा राग येतो. कोपऱ्यातल्या शाळेत शिकलेल्या एकवीस वर्षांच्या मुलीने नसांची नावं समजावून सांगायची, यावर त्यांचं नर्सिंग होम चालतं. पण तो राग पूर्ण त्यांच्यापर्यंत पोचत नाही. वाटेतच माझ्याकडे वळतो.

वकीलबाईंचा मेसेज आला. दोघींची प्रतिज्ञापत्रं टाइप झालीत, माझ्या प्रतिज्ञापत्रातला त्या पानाबद्दलचा नववा परिच्छेद रिकामा ठेवलाय, सोमवारपर्यंत कळव.

रविवारी सकाळी आई ओट्याशी कोळंबी साफ करत होती. मी दारात उभी राहिले, आत गेले, परत दारात आले.

"काय गो, मुंगळो चावलो?"

"ते पान तेव्हा होतं."

तिचे हात चालूच. एक कोळंबी, दुसरी. "खयचा पान?"

"आवाजाचं. त्यांनी नंतर नाही घातलं. मी वाचलेलं."

"कळलेलां?"

"ती ओळ कळली होती. बाकीचं अर्धंमुर्धं."

"मगे?"

"विचारायला हवं होतं. लाज वाटली. सिस्टर म्हणाल्या, तुम्ही शिकलेल्या दिसता. आणि तू आधीच घाबरलेलीस."

"माझ्यार ढकलू नको." हवाच ती, पण मी एक पाऊल मागे सरले. तिने कोळंबीचं ताट बाजूला सारलं. "ज्युनियर केजीतली पोरां. नाक पुसूक येना नाय. ती इचारतत, मावशी, या काय लिवलां? तुका लाज वाटली!"

मी ओट्यावरची सालं गोळा करू लागले.

"मी मे महिन्यापर्यंत थांबलंय असतंय. शाळेक सुट्टी असती. दुसऱ्या डॉक्टराक इचारलां असतां. डॉक्टरच म्हणालेलो, घाई नाय. आवाज माझो, आणि ठरवलां कोणी? तू आणि ती टोपणवाली." तिला ठसका लागला. मी पाणी द्यायला गेले तर तिने हात झटकला. हनुवटी खाली घालून, माझ्याकडे न बघता, स्वतः प्यायली.

मग तिने नळ सोडला. कोळंबी तिने गरजेपेक्षा दोनदा जास्त धुतली.

"लाव वकिलीणबाईंका फोन."

"आज रविवार आहे."

"लाव."

फोनवर आईचं बोलणं ऐकू जात नाही. ती बोलते, मी पलीकडे सांगते, गेलं वर्षभर असंच चाललंय. मी स्पीकर लावला आणि फोन ओट्यावर ठेवला. मागे कुकरच्या शिट्ट्या, वकीलबाईही स्वयंपाकघरात असाव्यात.

आई माझ्या कानाशी आली. "सांग, पान होतां."

"मॅडम, ते पान तेव्हा होतं."

"माझ्या मुलीन वाचलां, आणि माका सांगितल्यान नाय."

मी थांबले.

"सांग."

"मी ती ओळ वाचली होती. आईला सांगितली नाही. तिने विचारलं तर म्हटलं, नेहमीचंच असतं."

पलीकडे कुकर बंद झाला. "बरं झालं आत्ता बोललीस," वकीलबाई म्हणाल्या. "फेरफाराचं मी काढते. मुद्दा पुसट होणार नाही, उलट सरळ होईल. समजावायचं काम तुझं नव्हतंच, डॉक्टरांचं होतं. ते त्यांनी तुझ्यावर टाकलं आणि तुझी सही घेतली. पण एक ऐक, हे लिहिलं की ते तुझ्यामागे लागतील. इंग्रजी येतं ना, मग सांगितलं का नाही, मुद्दाम लपवलं का. लेखी प्रश्न येतील. उत्तरं तुलाच द्यायचीत. चालेल?"

"हो."

"आणि आईंना विचार, त्यांच्या प्रतिज्ञापत्रात लागेल. हा धोका आधी कळला असता तर त्यांनी ऑपरेशन नाकारलं असतं का? हो किंवा नाही."

मी आईकडे बघितलं. मघाशी ती म्हणाली होती, मे महिन्यापर्यंत थांबले असते. नाकारलं असतं, असं नव्हती म्हणाली. मला वाटलं, आता म्हणेल. मला ते हवंही होतं आणि नकोही होतं. हो म्हटलं की केस भक्कम, आणि माझी चूक तेवढीच मोठी.

आईने ओल्या हाताने फोन स्वतःकडे सरकवला, मग परत माझ्याकडे ढकलला. बराच वेळ ती सांगत राहिली, मधे श्वास घेत. मी एक शब्द इकडचा तिकडे न करता पलीकडे सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, काही सुटतंय का म्हणून.

"मॅडम, आई म्हणते, ते मला आता सांगता येत नाही. गाठ घेऊन फिरायची भीती होती, आवाज जाण्याचीही वाटली असती. काय ठरवलं असतं, माहीत नाही. तेव्हा विचारलं असतं तर कळलं असतं. आता कुणालाच कळणार नाही."

वकीलबाई म्हणाल्या, "असंच लिहिते. बदलत नाही."

फोन ठेवल्यावर आईने गॅस लावला. त्या दिवशी आम्ही दोघी जेवलो, पण ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी विजेचं बिल आलं, तेव्हा ते तिने माझ्यासमोर ठेवलं आणि शेजारी बसून राहिली, मी मागची बारीक अक्षरं वाचून संपवेपर्यंत.