उजवीकडची सीट

“गाडी मी चालवतोय, ही नुसती बसलीये!” सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसाने डोळे विस्फारले की काका हात उंचावून असं ओरडायचे. तेही मराठीत. ऐकणारा वॉलॉंगॉंगचा अस्सल गोरा असला तरी.

तुम्ही असतात तर तुम्हीही दचकला असतात. गाडी अमेरिकेची, साठच्या दशकातली, लालभडक, छप्पर मागे दुमडणारी. स्टिअरिंग डावीकडे. इथे ऑस्ट्रेलियात सगळ्यांचं उजवीकडे. त्यामुळे बघणाऱ्याला वाटायचं, ड्रायव्हरच्या जागी डोक्याला रुमाल बांधलेल्या एक बाई बसल्यात आणि गाडी पळत असताना खुशाल विणकाम करताहेत.

एकदा पोलिसाने गाडी थांबवली आणि तो थेट काकूंपाशी गेला. लायसन्स मागितलं. काकूंनी सुई खाली न ठेवता मानेनेच नवऱ्याकडे खूण केली आणि पोलिसाच्या हातावर चिवडा ठेवला. तो खातखातच परत गेला.

काका पोर्ट केम्ब्लाच्या स्टील प्लांटमधून निवृत्त झालेले. आम्ही समोर राहायचो. मी ट्रेनने सिडनीला जायचो, पण कोविडमध्ये घरूनच काम सुरू झालं आणि माझं टेबल त्यांच्या ड्राइव्हवेसमोरच्या खिडकीत आलं. पुढचं सगळं मी तिथून पाहिलं.

काकू भाचीच्या लग्नाला पुण्याला गेल्या होत्या. त्यांच्या मागे ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद झाल्या. आज उघडतील, उद्या उघडतील, करता करता वर्ष गेलं. दुसऱ्या लाटेत त्या पुण्यातच आजारी पडल्या. काकांनी सरकारकडे देश सोडायची परवानगी मागितली; तेव्हा बाहेर जायलाही ती लागायची. परवानगी येण्याआधी मेहुणीचा फोन आला.

मी मास्क लावून धावत गेलो. ते दारातच उभे होते. म्हणाले, “अरे, तिला कोणी पाहूसुद्धा दिलं नाही म्हणे. मग ती गेली हे ठरवलं कोणी?”

मेहुणीला त्यांनी एकच सांगितलं होतं: मी आल्याशिवाय अस्थी नदीत सोडायच्या नाहीत.

त्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जून-जुलैत, लॉकडाऊन लागलं. दूध आणायला काका छप्पर उघडं टाकून निघायचे. रस्ता रिकामा, उजवीकडची सीट रिकामी, आणि लाल गाडी संथ जातेय. स्पीडब्रेकरवर ते अजूनही गाडी जवळजवळ थांबवायचे. काकूंच्या विणकामाचे टाके सुटू नयेत म्हणून लागलेली सवय. माझी मुलगी खिडकीतून म्हणाली, “Baba, nobody’s driving.”

“काका आहेत ना, त्या बाजूला.”

“But nobody’s driving,” ती म्हणाली आणि खिडकीपासून लांब झाली. मीही पडदा ओढला.

लॉकडाऊन उठल्यावर काचेवर पाटी लागली: विकणे आहे. घेणारे पुष्कळ आले. काका किमतीचं बोलतच नसत. प्रत्येकाला एकच प्रश्न: “शेजारी कोण बसणार?”

एक संग्राहक म्हणाला, कोणी नाही, गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवणार. त्याला नमस्कार. दुसऱ्याला ती लग्नांसाठी भाड्याने द्यायची होती. “म्हणजे दर शनिवारी नवी नवरी?” काका मला मराठीत म्हणाले. “हिला चालेल का?”

मग एक तरुण फिटर आली, त्यांच्याच प्लांटमधली. गाडीखाली आडवी होऊन बघितलं, हात पुसत म्हणाली, “दोस्ता, खरं सांगते. मी स्टिअरिंग उजवीकडे घेणार. डावीकडून मला चालवता येत नाही.”

अशा जुन्या गाडीचं स्टिअरिंग हलवायचं म्हणजे शौकिनांच्या लेखी पापच.

काकांनी उजवीकडच्या सीटवर हात ठेवला. “मग उजवीकडे कोण बसणार?”

“मीच की. रोज.”

“रोज?”

“रोज.”

“मग ती जागा कधी रिकामी नाही राहायची,” ते मला म्हणाले, आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली. ती गाडी ट्रेलरवर चढवून नेत असताना त्यांनी तिकडे पाठ केली होती.

विमानं सुरू होताच काका पुण्याला गेले. घर भाड्याने दिलं. मी मधूनमधून मेसेज करायचो. उत्तर यायचं नाही. शेवटी मेहुणीलाच फोन केला. अस्थिविसर्जन नीट पार पडलं का, विचारलं.

“कुठलं हो! आम्ही सगळे नदीवर गेलो, गुरुजी थांबलेले. भाऊजी कलश मांडीवर घेऊन गाडीतच बसून राहिले. उतरेचनात. म्हणाले, परत फिरवा.”

“आणि आता?”

“आता रोज संध्याकाळी कलश घेतात, रिक्षा बोलावतात आणि फिरायला निघतात. आधी मी रडायचे, भांडायचे. आता नाही भांडत. एवढंच सांगते त्यांना, भाऊजी, अंधार पडायच्या आत या दोघंही.”