सात ठिपके

नाशिकला मॉनिटरचे पडदे काळेच असायचे तेव्हाची गोष्ट. गंगापूर रोडला मेडिकलच्या दुकानावर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. मुलं जास्त, मशीन कमी, म्हणून माझ्या शेजारी आणखी एक जण बसायचा. अगदी अबोल प्राणी. सरांनी एकदा प्रोग्रॅम करायला दिला: शून्य आणि एकची माळ घ्यायची, आठ-आठचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा आकडा करायचा आणि आकड्याचं इंग्रजी अक्षर. दुसऱ्या दिवशी माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर त्याच्या अक्षरात एकशे अठ्ठावीस शून्य-एक सापडले. घरी हातानेच सोडवले. इंग्रजी अक्षरांतलं मराठी निघालं: लग्न करशील का. तोंड उघडायची लाज, पण एकशे अठ्ठावीस आकड्यांत एक चूक नाही. मला तो आवडायचाच.

त्याच्या तोडीस तोड उत्तर द्यायचं मी ठरवलं. "रविवारी आमच्या दारातली रांगोळी बघ," मी सांगितलं. "ठिपका म्हणजे एक, मोकळी जागा म्हणजे शून्य." 'हो'ची इंग्रजी अक्षरं दोन. म्हणून चौकट आखून आठ-आठ जागांच्या दोन ओळी केल्या, त्यांत मोजून सात ठिपके टाकले आणि आंघोळीला गेले.

बाहेर आले तर आई हात झटकत होती. "सातच ठिपके टाकून उठलीस? भकास दिसत होतं. मोकळ्या जागाही भरून टाकल्या. तुझ्या क्लासातला मुलगा थांबून वहीत उतरवून गेला बघ."

मी कपाळाला हात लावला. आठही जागी एक म्हणजे दोनशे पंचावन्न, आणि दोनशे पंचावन्नला आमच्या स्क्रीनवर नुसती कोरी जागा यायची. लग्नाच्या प्रश्नाला कोरी जागा.

तासाभराने तो क्लासवरून थेट दारात. आई पाणी आणायला आत गेली.

"स्क्रीनवर काहीच आलं नाही," तो म्हणाला. "पण ओळी दोनच होत्या. 'नाही'ला चार लागल्या असत्या."

"मग कळलं ना? आलास कशाला?" मी फणकारले.

"माझं चुकत असेल तर?" त्याने वहीचं ते पान माझ्यापुढे धरलं. माझा राग तिथेच विरला.

"हो," मी म्हटलं. "करीन तुझ्याशी लग्न."

मागे आई तांब्या घेऊन उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग रांगोळीकडे.

"मला आधी सांगायचं ना," ती म्हणाली. "मी हात लावला नसता."